नवजाताच्या त्वचेवरील फोड : निदानाची वाचनप्रक्रिया

'निदान' हा शब्द मराठीत दोन निराळ्या कामांना जुंपलेला आहे. रोग ओळखणे हे एक काम. 'निदान एवढे तरी कर' अशा वाक्यात किमान मर्यादा दाखविणे हे दुसरे. संस्कृतात या शब्दाचा मूळ रोख कारणाकडे आहे. माधवकराचा 'रोगविनिश्चय' हा ग्रंथ परंपरेत 'माधवनिदान' याच नावाने रूढ झाला. त्यात रोगज्ञानाची पाच साधने सांगितली आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. आज आपण ज्या समग्र व्यापाराला निदान म्हणतो त्याचा तेथे निदान हा केवळ एक घटक ठरतो. पाली परंपरेत हाच शब्द कार्यकारणाच्या साखळीतील कड्यांसाठी येतो आणि जातकांच्या अट्ठकथेस जोडलेल्या 'निदानकथे'त कथेचा उगम सांगण्यासाठी. वैद्यक, तत्त्वज्ञान आणि कथन या तिन्ही क्षेत्रांत वावरलेला हा शब्द आहे. प्रस्तुत लेखात मात्र त्याच्या इतिहासापेक्षा त्याच्या एका मर्यादित आणि कठीण उपयोजनाचा विचार करावयाचा आहे : जन्मानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत अर्भकाच्या अंगावर फोड दिसले, तर वैद्य ते कसे वाचतो?

साहित्याभ्यासकांसमोर हा विषय मांडण्याचे कारण चिन्हाच्या स्वरूपात आहे. न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर फोड हा 'अनैकान्तिक' हेतू होय. तो एका साध्याला चिकटून राहत नाही. नवजाताच्या पोटावरील तीच पाणीदार पुटकुळी चार दिवसांत आपोआप विरून जाणाऱ्या पुरळाची असू शकते, जन्मभर पुरणाऱ्या आनुवंशिक व्याधीची असू शकते, किंवा आठवड्याभरात मेंदूपर्यंत पोहोचणाऱ्या विषाणूची पहिली खूण असू शकते. शिवाय हा रुग्ण बोलत नाही आणि त्याला स्वतःचा पूर्वेतिहासही नाही. 'काश्यपसंहिते'त, म्हणजे नेपाळात सापडलेल्या व १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या कौमारभृत्यावरील खंडित ग्रंथात, 'वेदनाध्याय' या नावाचे एक प्रकरणच आहे. न बोलणाऱ्या बालकाची वेदना त्याच्या हालचालींवरून कशी ओळखावी, हा त्याचा विषय. अडचण जुनी आहे.

प्रथम शब्दांची व्यवस्था लावणे आवश्यक आहे. बोलीत पुरळ, पुळी, पुटकुळी, फोड, गळू असे शब्द आहेत आणि त्यांच्या सीमा घरागणिक बदलतात. आधुनिक त्वचाविज्ञान आकार आणि आशय या दोन कसोट्या लावते. साधारणतः अर्ध्या सेंटिमीटरपर्यंतचा, स्वच्छ पाण्याने भरलेला उंचवटा म्हणजे पुटिका. त्याहून मोठा तो फोड. आत पू किंवा पूसदृश पांढुरका द्रव असेल तर पूयिका. ही वर्गवारी दिसते तेवढी स्थिर नाही. सकाळची पुटिका संध्याकाळी पूयिका झालेली असते. नवजाताची त्वचा नाजूक असल्यामुळे, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाची तर फारच नाजूक असल्यामुळे, पुष्कळदा फोडाचे छत वैद्य येण्यापूर्वीच गेलेले असते. उरते ती ओली लालसर जागा, कडेला सालपटांची झालर, क्वचित खपली. पाठचिकित्सा करणाऱ्यास ही स्थिती परिचित वाटेल : मूळ अक्षर खरवडले गेले आहे आणि त्याच्या कडांवरून ते काय असावे हे ठरवावयाचे आहे. छत पातळ व ढिले असेल तर त्वचेचे थर पृष्ठभागाजवळ सुटलेले असतात. फोड ताठ असेल, आत रक्तमिश्रित द्रव असेल, तर भेग खोल गेलेली असते. या एका निरीक्षणाने निम्मे पर्याय मागे पडतात.

त्यानंतरची पहिली कसोटी काळाची. मराठी घरात नवजाताचे दिवस मोजण्याची एक व्यवस्था आधीच असते : पाचवीला सटवाईची पूजा, बाराव्या दिवशी बारसे. या दोन खुणा वैद्यकालाही उपयोगी पडतात, हा योगायोगच म्हणावयाचा. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांपैकी जवळजवळ निम्म्यांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लालसर चट्टे उठतात आणि त्यांच्या मध्यावर पिवळसर बारीक पूयिका येतात. सकाळी छातीवर असलेला चट्टा दुपारी मावळतो आणि मांडीवर नवा उगवतो. पाचवी उलटते न उलटते तोच हे सारे ओसरू लागते. या पुरळाचे नाव 'एरिथीमा टॉक्सिकम'. कार्ल लाइनर यांनी १९१२ साली ते रूढ केले. आतड्यातील काही विषामुळे ते उठत असावे असा त्यांचा तर्क होता. तर्क गेला, नाव राहिले. त्यात विषारी काहीही नाही. पूयिकेतील द्रव काचपट्टीवर पसरून रंगविला असता इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची दाटी दिसते, जंतू दिसत नाहीत. हे पुरळ केसांच्या मुळांशी उगवते, म्हणून केसरहित तळहात-तळपाय त्यातून सुटतात. ही अनुपस्थिती पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

याउलट जन्मतःच फोड घेऊन येणारी बाळे असतात. काहींच्या मनगटावर, हाताच्या पाठीवर किंवा बोटावर एकच स्वच्छ फोड असतो, भोवती लाली नसते. गर्भाशयात बाळ स्वतःचा हात चोखत होते एवढाच त्याचा अर्थ. जन्मल्यावर बाळ नेमकी तीच जागा तोंडाशी नेते तेव्हा निदान आपोआप होते. दुसरा प्रकार १९७६ साली प्रथम स्वतंत्रपणे वर्णिला गेला : जन्मतःच असणाऱ्या, लाल पायाविना उभ्या राहिलेल्या पूयिका, ज्या एक-दोन दिवसांत फुटतात आणि मागे तपकिरी ठिपके सोडतात. ते ठिपके पुढे काही महिन्यांत पुसट होतात. सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या बाळांत हा प्रकार अधिक आढळतो. यापूर्वी अशा बाळांचे काय होत असे? जंतुसंसर्ग समजून त्यांच्यावर प्रतिजैविकांचा मारा होण्याची वाट मोकळी होती. वर्णनाचा अभाव हा रोगाचा अभाव नसतो.

येथे एका मुद्द्यावर थोडे थांबावयास हवे. त्वचाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांची चित्रसंपदा दीर्घकाळ गोऱ्या त्वचेवर उभारलेली होती. 'लाली' हे त्या पुस्तकांतील प्रमुख विशेषण. विदर्भातील किंवा तंजावरकडील सावळ्या बाळाच्या अंगावर तीच लाली जांभळट, करडी किंवा नुसतीच अधिक गडद दिसते. पुष्कळदा ती डोळ्यांपेक्षा बोटांना, त्वचेच्या उबेतून, आधी कळते. ज्याने केवळ पुस्तकी चित्रे पाहिली आहेत त्याला ती दिसतच नाही. अभिजात संग्रहातून काय वगळले गेले हा प्रश्न आपल्या विद्याशाखेने गेली काही दशके विचारला आहे. प्रसूतिकक्षात त्याचे उत्तर अधिक तातडीने द्यावे लागते.

घामोळ्यांचा उल्लेख धावता करणे पुरे. घामाच्या नलिका तोंडाशी बंद झाल्या की दवबिंदूंसारख्या पुटिका येतात आणि बोट फिरविताच फुटतात. बाळंतिणीच्या खोलीतील शेगडी, धुरी आणि बाळाला गुंडाळण्याचा अतिरेक हे त्यांचे आपल्याकडील नेहमीचे कारण. खोली हवेशीर केली की त्या जातात.

आता ज्या निदानासाठी बाकी सारी खटपट करावयाची त्याकडे वळू. हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूचा नवजातातील संसर्ग बहुधा पहिल्या तीन आठवड्यांत प्रकट होतो. तो त्वचा, डोळे व तोंड यांपुरता मर्यादित असतो तेव्हा त्याची वेळ पुष्कळदा दहाव्या ते बाराव्या दिवसाच्या आसपासची, म्हणजे बारशाच्या सुमाराची असते. लाल पायावर एकत्र बसलेल्या पुटिकांचा झुपका, बहुधा डोक्यावर किंवा प्रसूतीत जो भाग पुढे आला त्यावर. झुपका हे येथील महत्त्वाचे लक्षण. विषाणू यकृत-फुप्फुसांत पसरला तर, विषाणुरोधक औषध नव्हते त्या काळात, शंभरातील ऐंशीहून अधिक बाळे दगावत; मेंदूत शिरला तर वाचलेल्यांपैकी बहुतेकांत कायमचे व्यंग राही. आज ॲसायक्लोव्हिर शिरेतून देता येते, मर्यादित संसर्गाला चौदा दिवस आणि मेंदू वा सर्वांगाला बाधा असल्यास किमान एकवीस. पण ते वेळेवर सुरू झाले पाहिजे, आणि त्यासाठी कोणाच्या तरी मनात हा विषाणू आला पाहिजे.

तो मनात न येण्याची दोन कारणे आहेत. त्यांपैकी एक भाषेचे आहे. 'हर्पिस' या ग्रीक शब्दाच्या मुळाशी सरपटण्याचा अर्थ आहे. संस्कृत 'सृप्' धातू, 'सर्प', लॅटिनमधील सर्पवाचक शब्द आणि आयुर्वेदातील 'विसर्प' ही सारी एकाच कुळातील भावंडे. मराठीने 'नागीण' म्हटले. त्या शब्दाचे मूळ वेगळे असले तरी प्रतिमा तीच. तौलनिक भाषाभ्यासकाला याहून देखणे उदाहरण मिळणे कठीण. दुर्दैवाने हे देखणेपणच घात करते. मराठीतील नागीण म्हणजे छातीच्या एका बाजूने पट्ट्यासारखी जाणारी, कांजिण्यांच्या विषाणूने प्रौढांना होणारी व्याधी. नवजाताला बाधणारा हर्पिस हा त्या विषाणूचा चुलतभाऊ, पण वेगळा; तो मोठ्यांच्या ओठांवर किंवा जननेंद्रियांवर राहतो. आईला 'तुम्हांला कधी नागीण झाली होती का?' असे विचारले की ती 'नाही' म्हणते; ते खरेच असते, आणि त्या उत्तराने वैद्य चुकीच्या दिशेने निश्चिंत होतो. विचारावयाचे ते असे : तापानंतर ओठाच्या कडेला पुटकुळ्या येतात का? घरात सध्या कोणाला तशा आल्या आहेत का? त्या माणसाने बाळाचा पापा घेतला का? आणि, एकांतात, खाली कधी दुखरे फोड आले होते का?

दुसरे कारण असे की, बरोबर विचारूनही पुष्कळदा उत्तर 'नाही'च येते. ज्यांच्या बाळांना हा संसर्ग होतो त्यांपैकी बहुसंख्य मातांना आपल्याला तो कधी झाल्याचे ठाऊक नसते. म्हणून इतिहासाच्या अभावाला येथे पुराव्याचा दर्जा देता येत नाही. काही बाळांच्या अंगावर तर फोडच येत नाहीत; ती केवळ मलूल होतात, दूध ओढत नाहीत, त्यांना झटके येतात.

परीक्षेची साधने साधी आहेत. फोडाचे छत उघडून तळ हलकेच खरवडावा, काचपट्टीवर घ्यावे, रंगवावे. आर्नो त्झांक यांच्या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी १९४७ पासून वापरात आहे आणि काही मिनिटांत होते. एकत्र जुळलेल्या अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी दिसल्या की हर्पिस कुळाचा विषाणू आहे असे समजते; हर्पिस सिम्प्लेक्स की कांजिण्या, हे मात्र ती सांगू शकत नाही, आणि ती नकारात्मक आली तरी शंका फिटत नाही. खात्रीसाठी फोडातील द्रवाची, रक्ताची आणि पाठीच्या मणक्यातून काढलेल्या द्रवाची पीसीआर तपासणी लागते. तिचा निकाल येईपर्यंत औषध थांबवावयाचे नसते, हा येथील नियम. साहित्यकृतीच्या वाचनात अर्थनिर्णय लांबणीवर टाकण्यात एक सौजन्य असते. येथे अनिर्णयाची किंमत बाळ मोजते. म्हणून वैद्य आधी कृती करतो आणि अर्थ मागाहून निश्चित करतो.

जिवाणूंची कथा वेगळी. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू बेंबी, जांघ, मानेच्या वळ्या येथे ढिले, लवकर फुटणारे फोड निर्माण करतो. त्यातील द्रवात तो सापडतो. त्याचेच विष रक्तातून पसरले तर मात्र सारी त्वचा भाजल्यासारखी लाल व हळवी होते, बाळाला उचलताच ते किंचाळते, आणि बोटाच्या हलक्या दाबाने वरचा थर सरकतो. गॉटफ्रीड रिटर फॉन रिटरशाइन यांनी १८७८ साली प्राग येथील अनाथ अर्भकांच्या आश्रमातील २९७ बाळांत ही व्याधी वर्णिली. या दुसऱ्या प्रकारात फोडातील द्रव निर्जंतुक असतो. जिवाणू नाकात, बेंबीत किंवा डोळ्यांत दडलेला असतो आणि त्याचा परिणाम दूरवर उमटतो. चिन्ह जेथे आहे तेथे कारण शोधणारा तपासनीस रिकाम्या हाताने परततो.

यातील एक उपकथा सांगण्याचा मोह आवरत नाही. जुन्या ग्रंथांत नवजाताच्या जिवाणुजन्य फोडांना 'पेम्फिगस' असे म्हणत. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ फोड, इतकेच. पुढे हे नाव प्रौढांच्या एका गंभीर स्वप्रतिरक्षी व्याधीसाठी राखले गेले आणि नवजाताबाबतचा जुना वापर ही नामकरणाची चूक मानली गेली. २००० साली जपानी व अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले की स्टॅफिलोकॉकसचे विष त्वचेच्या पेशींना जोडणारे जे प्रथिन तोडते, ते डेस्मोग्लीन-१, तेच पेम्फिगसच्या एका प्रकारात शरीराच्या स्वतःच्या प्रतिपिंडांचे लक्ष्य असते. जुन्या वैद्यांना हे ठाऊक असण्याची शक्यताच नव्हती. त्यांनी केवळ फोडाचा पोत पाहिला होता.

तळहात आणि तळपाय यांवर फोड दिसले की वाचनाची दिशा बदलते. एरिथीमा टॉक्सिकम येथे येत नाही हे वर पाहिलेच. येथे प्रथम विचार करावयाचा तो जन्मजात उपदंशाचा. सोबत नाकातून रक्तमिश्रित पाझर, वाढलेले यकृत-प्लीहा असतील तर शंका बळावते. याची किल्ली आईच्या गरोदरपणातील रक्ततपासणीच्या कागदावर असते आणि तो कागद हरवलेला असेल तर तपासणी पुन्हा करावयाची असते. प्रश्न विचारून हे निदान होत नाही. लाजेमुळे उत्तरे विश्वासार्ह राहत नाहीत, शिवाय पुष्कळ स्त्रियांना खरोखरच काही ठाऊक नसते.

काही वेळा फोडांची रचनाच बोलते. मुलीच्या हातापायांवर रांगेने आणि धडावर भोवऱ्यासारख्या वळणांनी पुटिका मांडल्या गेल्या असतील तर त्या रेषा नसांच्या किंवा रक्तवाहिन्यांच्या नसतात. आल्फ्रेड ब्लाश्को यांनी १९०१ साली अशा रेषांचा नकाशा मांडला. गर्भावस्थेत त्वचेच्या पेशी ज्या वाटांनी पसरल्या त्या या वाटा. एरवी त्या अदृश्य असतात. 'इन्कॉन्टिनेन्शिया पिग्मेन्टी' या क्ष-गुणसूत्राशी निगडित व्याधीत त्या दृश्य होतात : आधी फोड, मग चामखिळीसारखे उंचवटे, मग करड्या-तपकिरी रेषा, आणि प्रौढपणी फिकट, केसविरहित पट्टे. तिला कारणीभूत जनुक २००० साली निश्चित झाले. मुलगे बहुधा गर्भातच दगावतात. त्यामुळे बाळाच्या अंगावर जी संहिता सुरुवातीच्या अवस्थेत आहे, तिची अखेरची अवस्था आईच्या पायांवर असू शकते. वैद्याने आईला पोटरी दाखविण्याची विनंती करावी, दात जन्मापासून कमी किंवा टोकदार आहेत का ते पाहावे, आणि गर्भपात किती झाले हे हळुवारपणे विचारावे. सासरी 'मुलगे टिकत नाहीत' म्हणून बोल ऐकलेल्या स्त्रीला याचे कारण प्रथमच कळण्याची ही वेळ असू शकते. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी मात्र त्याच आठवड्यात करावी लागते, कारण तेथील बिघाड दृष्टी नेऊ शकतो.

फोड घर्षणाच्या जागी असतील, म्हणजे टाचा, घोटे, लंगोटाची कड, नाव बांधलेली पट्टी, तर एपिडर्मोलायसिस बुलोसाचा विचार करावा लागतो. हाइनरिश क्योब्नर यांनी १८८६ साली दिलेले हे नाव प्रत्यक्षात अनेक आनुवंशिक व्याधींच्या समूहाचे आहे. त्वचेला धरून ठेवणाऱ्या कोणत्या प्रथिनात दोष आहे यावर प्रकार ठरतो. काहींत फोड व्रणाविना भरतात, काहींत बोटे एकमेकांना चिकटत जातात, काहींत बाळ पहिल्या दोन वर्षांतच जाते. नुसत्या डोळ्यांनी नवजातात हे प्रकार वेगळे करणे धोक्याचे आहे, कारण आरंभी सारे सारखेच दिसतात. निदानासाठी ताज्या फोडाच्या कडेचा तुकडा घेऊन प्रतिदीप्तीने भेगेची पातळी पाहावी लागते आणि जनुकतपासणी करावी लागते. अप्रगट जनुकांमुळे होणारे प्रकार नात्यातील विवाहांत अधिक आढळतात. दक्षिण भारतात मामा-भाचीचा आणि महाराष्ट्रातही अनेक समाजांत मामेबहिणीशी विवाह रूढ असल्याने हा प्रश्न टाळता येत नाही, पण तो आरोपाच्या सुरात विचारला की कुटुंब मिटून जाते. तोवर एक गोष्ट तात्काळ करावयाची : या बाळाला चिकटपट्टी लावावयाची नाही. सलाईन पक्के करण्यासाठी लावलेली पट्टी काढताना त्वचाच निघून येते.

शेवटी मानवी हाताने उमटलेली चिन्हे. पोटफुगी, श्वास लागणे किंवा सततचे रडणे यांवर उपाय म्हणून अर्भकाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची प्रथा मेळघाटातील कोरकू वस्त्यांत 'डंबा' या नावाने ओळखली जाते. मध्य प्रदेशात 'दागना', ओडिशात 'चेंका' ही तिचीच भावंडे. हे फोड एकाच आकाराचे, ठराविक अंतराने मांडलेले, ठळक कडांचे असतात. रोग इतका काटेकोर नसतो. निष्काळजीपणे दिलेल्या शेकाचे फोडही असेच वस्तूचा आकार घेऊन येतात. दवाखान्यात आणलेल्या आईला शिक्षेची भीती असते, म्हणून ती सांगत नाही. चटका हा रोग नव्हे, तो आधी असलेल्या आजारावरचा उपचार होता. तेव्हा चटक्याचे निदान झाल्यावर ज्या आजारासाठी तो दिला गेला, बहुधा फुप्फुसाचा दाह, त्याचे निदान करावयाचे शिल्लकच असते. ते विसरले की बाळ जाते.

हे सारे वाचन करणारा तज्ज्ञ बहुसंख्य भारतीय बाळांच्या वाट्याला येत नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना नवजाताची घरी जाऊन काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरविलेल्या आहेत. बालआजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनाच्या भारतीय आराखड्यात फोडांसाठी दिलेला नियमही संक्षिप्त होता : दहा किंवा अधिक पूयिका, अथवा एक मोठे गळू, म्हणजे गंभीर संसर्गाची शक्यता, बाळाला रुग्णालयात पाठवा, त्याहून कमी असतील तर स्थानिक संसर्ग. वर वर्णिलेल्या बारकाव्यांपैकी यात काहीही नाही, आणि ते योग्यच होते, कारण जिवाणुसंसर्गातून अधिक बाळे दगावतात आणि मोजणी कोणालाही करता येते. परंतु मोजणीचा हा नियम पूयिकांसाठी आहे. डोक्यावर झुपक्याने आलेल्या तीन पाणीदार पुटकुळ्या त्यात बसत नाहीत. शिवाय सातव्या आणि चौदाव्या दिवसाच्या भेटींमध्ये बारसे येते; त्या काळात बाळाला पाहणारी माणसे पुष्कळ असतात, पण पाहावयाचे काय हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. सातव्या दिवशी उंबरठ्यातून बाहेर पडताना कार्यकर्तीने घरच्यांपाशी एवढे ठेवून जावे : अंगावर, विशेषतः डोक्यावर, पाण्याचे फोड आले तर संख्या मोजत बसू नका, पहिला फोड कधी आला, कोठे आला आणि तेव्हापासून बाळ दूध कसे ओढते हे ध्यानात ठेवा, आणि चौदाव्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी बाळाला घेऊन निघा.